वगळलेल्या धड्यातल्या उवा

उत्क्रांतीचा तो धडा तुम्ही पुस्तकातून काढलात. पुस्तकं ठरवणाऱ्या मंडळावर बसलेले तुम्ही जे कोणी आहात, ते. मुलांच्या डोक्यावरचा भार हलका करायचा म्हणून काढला, असं तुमच्या पत्रकात छापलं होतं. मुलांच्या डोक्याची एवढी काळजी आहे, तर त्या डोक्यांचं पुढे काय झालं तेही ऐकून घ्या.

मी केस कापते. बायकांचं छोटं दुकान आहे, एक खुर्ची आणि एक आरसा. शाळा अर्धवट सुटली, बाकीचं जे काही वाचलं ते दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. त्यामुळे माझ्या बोलण्यात चूक निघू शकते. निघाली तर जरूर दाखवा, मला आवडेल. गप्प बसलात तर मात्र आवडणार नाही.

गावाच्या टोकाला मुलींची निवासी शाळा आहे. बाहेर राहून तिथे शिकता येत नाही, वसतिगृहातच राहावं लागतं. माझ्या बहिणीची मुलगी तिथे आहे, कारण त्यांच्याकडे सातवीनंतर शाळाच नाही. म्हणजे इथून बाहेर पडली की तिचं शिक्षण संपलं, घरी भांडी आणि धाकटी भावंडं. हे तिला माहीत आहे, तिच्या आईला माहीत आहे आणि वॉर्डनबाईंना तर फारच चांगलं माहीत आहे.

या वसतिगृहात औषधाचा रविवार असतो. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर सगळ्या मुली धुण्याच्या दगडांवर रांगेत बसतात आणि मदतनीस बाई त्यांच्या डोक्यावर उवांचं औषध ओतते. तेच औषध, त्याच रंगाची बाटली, या वॉर्डनबाई यायच्या आधीपासून चालत आलेलं. वर काटकसर म्हणून एक बाटली तीन डोक्यांत पुरवायची. थोडं ओतायचं, थोडं चोळायचं, पुढची.

पूर्वी उवा मरत. मग कमी मरू लागल्या. या वर्षी मरेनातच. वॉर्डनबाईंनी रविवार महिन्यातून दोनदा केला. मुलींच्या कानामागची सालं निघाली, उवा ठणठणीत. मग तपासणीसाठी वरचे साहेब येणार असं कळलं आणि बाईंचा धीर सुटला. फळ्यावर लिहून टाकलं, की शनिवारी ज्यांच्या डोक्यात ऊ दिसेल त्यांचं मुंडण, आणि ज्यांना मान्य नसेल त्यांनी बॅग भरावी. ऊ सापडलेल्या सात मुली निघाल्या. त्यांत माझी भाची. आणि मुंडण करायला निरोप आला मला, कारण त्यांचे केस एरवी मीच कापते.

मी गेले. खोटं कशाला बोलू, मुंडण करायच्याच तयारीनं गेले. केस काय, परत येतात, शाळा परत येत नाही, असा माझा हिशेब. भाचीची वेणी कमरेपर्यंत आहे, तरीही.

पहिली मुलगी बाकावर बसली. मशीन सुरू न करताच मी तिच्या मानेला टेकवून पाहिलं, तर तिच्या मानेवर सर्रकन काटा आला. थंड धातू लागला की प्रत्येकीला येतो, हजारो मानांवर पाहिलाय. भाची शेजारीच उभी होती, आपल्या नंबराची वाट बघत. म्हणाली, मावशी, हे काय होतं माहीत आहे का, प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारका स्नायू असतो, तो केस उभा करतो. आपल्या पूर्वजांच्या अंगावर दाट लव होती तेव्हा ती फुगून ऊब धरायची. मांजर फुगतं तसं. लव गेली, स्नायू राहून गेला, अजून बिचारा काम करतोय.

मी विचारलं, हे कुठून आणलंस. तर एका वरच्या वर्गातल्या मुलीचं जुनं पुस्तक होतं, त्यात तुम्ही काढलेला धडा शाबूत होता. हिनं तो एवढ्या वेळा वाचला होता की पानं सुटी झाली होती. त्यात माणसाच्या हाताची, वटवाघळाच्या पंखाची आणि देवमाशाच्या पराची हाडं शेजारीशेजारी काढली होती. तीच हाडं, त्याच क्रमानं, फक्त कुठे लांबलेली, कुठे आखडलेली. प्रत्येक प्राणी वेगळा घडवला असता तर एकाच सांगाड्याची अशी ओढाताण कुणी कशाला केली असती, असं तिचं म्हणणं. मला पटलं. जुना झगा उसवून नवा शिवला की शिवणीवरून कळतंच.

मी मशीन बाजूला ठेवलं आणि वॉर्डनबाईंकडे गेले. भाची मागोमाग. विज्ञानाच्या बाईही तिथेच बसून वह्या तपासत होत्या. मी आपलं मला सुचेल तसं सांगितलं, की बाई, मुली काही घाणेरड्या नाहीत, उवांना तुमच्या औषधाची सवय झाली आहे.

“मावशी, उगाच काहीतरी सांगू नकोस,” भाचीनं मलाच गप्प केलं. “तुला चहाची सवय होते तशी उवेला औषधाची होत नाही. ती काही शिकत नाही. आधीपासूनच त्यांच्यात चारदोन जन्मतः वेगळ्या असतात. औषधानं बाकीच्या मरतात, या राहतात, आणि पुढची पिल्लं यांचीच होतात. पिल्लंही आईवर जातात. बाईंनी दर औषधाच्या रविवारी चाळणी लावून चिवट तेवढ्या उवा निवडून ठेवल्या.”

वॉर्डनबाईंनी विचारलं, म्हणजे उवा मी पाळल्या असं तुझं म्हणणं आहे का. भाची म्हणाली, पाळल्या नाहीत, निवडल्या. मुद्दाम नाही, पण निवडल्या. तिला तिथे थांबता आलं असतं. माझ्या बहिणीची मुलगी आहे, कशाला थांबेल. पुढे सांगू लागली, की आपली ऊ आणि चिंपांझीची ऊ चुलत बहिणी आहेत, कारण आपण आणि चिंपांझीही लांबचे भाऊबंदच. वाटण्या झाल्या तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या उवा नेल्या. आणि माणूस कपडे घालू लागला तेव्हा डोक्यातल्या काही उवा कपड्यांत राहायला गेल्या, त्यांची निराळी जात झाली. विज्ञानाच्या बाई खाली मान घालून हसल्या. मला वाटलं, चला, एक तरी आपल्या बाजूची.

मग भाची म्हणाली, करून बघू. वसतिगृहात एक मुलगी आठवड्यापूर्वीच आली होती, तिच्या डोक्यात घरच्या उवा होत्या. त्यांना या औषधाचा वारासुद्धा लागला नव्हता. मी फणीनं तिच्या काही उवा काढल्या, काही जुन्या मुलींच्या काढल्या. दोन बश्यांत औषधात भिजवलेली चिंधी, एकीत नव्या मुलीच्या उवा, दुसरीत वसतिगृहातल्या. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत थांबलो. नव्या मुलीच्या सगळ्या पाय वर करून पडल्या. वसतिगृहातल्या, एखादी सोडली तर, चिंधीवर फिरायला निघाल्यासारख्या हिंडत होत्या.

वॉर्डनबाईंनी दोन्ही बश्या नीट पाहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत पाहिल्या. आणि म्हणाल्या, बघा, औषध उत्तम आहे, या मेल्या की नाही. म्हणजे दोष या मुलींचाच, नीट चोळत नाहीत.

मी कपाळाला हात लावला. समोर मांडून ठेवलेलं दिसत नसेल तर माणसानं आणखी काय करायचं? मी विज्ञानाच्या बाईंकडे वळले. म्हटलं, बाई, तुम्ही तरी बोला.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. भाचीकडे बघून म्हणाल्या, “तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण तो भाग आता अभ्यासक्रमात नाही.”

आणि पुढची वही उघडली.

मला वॉर्डनबाईंचा राग आला नाही तेवढा या बाईंचा आला. एकीला कळत नाही. दुसरीला सगळं कळतं आणि ती तुमच्या परवानगीची वाट बघत बसते. पुस्तकातली चार पानं काढलीत तुम्ही, आणि एका शिकलेल्या बाईची वाचा गेली.

मी मुंडण करणार नाही म्हणून सांगितलं. फणी दाखवली, बारीक दातांची. केस ओले करून, तेल लावून, दर दोनतीन दिवसांनी विंचरायचं, लिखा फुटून निघतील त्याही निघेपर्यंत. फणीच्या दातांत अडकलेल्या उवेला औषध पचतं की नाही, हे फणी विचारत नाही. मीच येऊन विंचरते म्हटलं. वॉर्डनबाई म्हणाल्या, तपासणी सोमवारी आहे. आणि चौकातल्या पुरुषांच्या सलूनवाल्याला बोलावलं. त्यानं सहा मुलींची डोकी सपाट केली. सहाही जणी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. सातवी, म्हणजे माझी भाची, बाकावर बसली नाही. बॅग घेऊन माझ्या दुकानात आली.

आता तिचं डोकं स्वच्छ आहे. मी रोज भिंगातून बघते. आणि तिकडे पुढच्या औषधाच्या रविवारी त्या सहा मुलींच्या बोडक्या टाळूवरही बाटली ओतली गेली, कारण पद्धत आहे. ऐकून मला हसू आलं, मग हसल्याबद्दल लाज वाटली.

तिला परत घ्यायला वॉर्डनबाई तयार आहेत. अट एकच. सगळ्या मुलींसमोर एक ओळ वाचायची. मजकूर त्यांनीच ठरवला आहे, “माझ्या उवा मेल्या नाहीत, त्या माझ्याच अस्वच्छतेमुळे.” वाचली की तिची कॉट तिला परत मिळेल.

माझी बहीण फोनवर रडून सांगते, वाच म्हणावं एकदाचं, जीभ काही झिजत नाही. मीही एकदा तसंच म्हणून पाहिलं. भाची खुर्चीत पाय दुमडून बसली होती. म्हणाली, “वाचते. फक्त ही ओळ खरी आहे असं ज्यांनी धडा काढला त्यांच्याकडून लिहून आण.”

म्हणून हे लिहिलं. मला तुमचा धोरणाचा मसुदा नको, समिती नेमल्याचं पत्र नको आणि विषय विचाराधीन असल्याचं तर अजिबात नको. येत्या सोमवारी तिची जागा दुसऱ्या मुलीला देणार आहेत. ती ओळ खरी आहे की खोटी? त्याआधी सांगा.