तेरा सेंटीमीटर जास्तीचे

गाडी सव्वापाच मीटर लांब होती आणि त्यातला एक सेंटीमीटरही कुणी कमी सांगितलेला मास्तरांना खपत नसे. साध्या मॉडेलपेक्षा ती तेरा सेंटीमीटर जास्त लांब, आणि ते तेराच्या तेरा मागे बसणाऱ्याच्या पायांना दिलेले. पुढे बसणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काही नाही. मास्तर पुढे बसत. चौदा वर्षं ते ही गाडी चालवत होते आणि जास्तीच्या जागेचा अभिमान मात्र सगळा त्यांच्याकडेच होता.

मास्तरांनी आयुष्यात कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. पार्किंगमधल्या इतर ड्रायव्हरांनी हे नाव पाडलं होतं, कारण "काय, बरं आहे ना?" एवढं विचारलं तरी मास्तर डिझेल इंजिनापासून सुरुवात करत. पेट्रोलला ठिणगी लावावी लागते, डिझेलच्या सिलिंडरात हवा नुसती दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपणहून पेटतं. आता एवढी आदळआपट होत असताना आत बसलेल्याला झोप कशी लागते? तर इंजिन ज्या पायांवर बसवलंय त्यांच्या आत तेल आहे, काचा दुहेरी आहेत, गालिच्याखाली लोकरीचा जाड नमदा आहे. मग ते चालू इंजिनावर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवून दाखवत. चौदा वर्षांत एक थेंबही सांडला नाही, असं सांगत. एकदा सांडला होता, पण तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

गाडी बाईंची. बाईंचा वजनकाट्यांचा कारखाना होता आणि त्या स्वतः काट्यासारख्याच होत्या, इकडे नाही की तिकडे नाही. एकदा दोनशे काटे दहा ग्रॅमने चुकतात म्हणून सगळेच्या सगळे त्यांनी दारातून परत फिरवले होते. तेव्हापासून मास्तरांनी त्यांचं नाव 'दहा ग्रॅम' ठेवलं. अर्थात हे नाव कुणाला माहीत नव्हतं. मास्तर ते फक्त समोरच्या काचेला सांगत.

कारण मास्तरांना गाडी चालवताना पुटपुटायची सवय होती. वाकडेतिकडे घुसणारे रिक्षावाले, सिग्नलला झोपलेले लोक, बाईंचे वजनदार बंधू भाऊसाहेब, बाईंची तोंडातल्या तोंडात चाललेली बेसूर गाणी, सगळ्यांचा समाचार ते ओठ न हलवता घेत. एवढी लांब गाडी, पुढचं मागे थोडंच पोचतंय, असा त्यांचा हिशेब होता.

दुसरा त्यांचा नियम म्हणजे मागच्या सीटवर बाई आणि बाईंचे पाहुणे यांच्याशिवाय कुणी बसायचं नाही. हा नियम बाईंनी घातला नव्हता, मास्तरांनी घातला होता. ते स्वतः मागची सीट पुसतानासुद्धा दाराबाहेर गुडघे टेकून आत हात लांब करत.

अशा सुखाच्या संसारात एका सोमवारी बाई म्हणाल्या, "मास्तर, गाडी आवाज करतेय."

"आपली गाडी?" मास्तरांनी असं विचारलं, की जणू शेजारच्या गाडीबद्दल बोलणं चाललंय.

"निघताना पायाखाली धडधड होते. वेग आला की थांबते."

"रस्ता खराब आहे बाई."

मंगळवारी रस्ता गुळगुळीत होता आणि धडधड होतीच. मास्तरांनी कान टवकारले, त्यांना काही ऐकू आलं नाही. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "शनिवारी संध्याकाळी एक गिऱ्हाईक येतंय. तोवर आवाज गेला तर ठीक, नाहीतर गाडी देऊन टाकते. एक छोटी घेईन, स्वतःच चालवीन. तुम्हाला कारखान्याच्या गेटवर बसवते. पगार हाच."

पगार हाच! मास्तरांच्या डोळ्यांसमोर गेट आलं, स्टूल आलं, आणि स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सायकलींना सलाम करणारे मास्तर आले. सहा सिलिंडर हाताळलेल्या माणसाने लोखंडी दार उघडझाप करायचं! त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"अहो, त्या म्हणतायत तर असेल आवाज," बायको म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही म्हणजे नाहीच, असं कुठेय?"

"चौदा वर्षं चालवतोय मी ती. मला कळणार नाही?"

"तीस वर्षं घोरताय. ते कुठं कळलंय अजून?"

यावर मास्तर लवकर झोपले. आणि घोरले.

बुधवारी गाडी मिस्त्रींकडे गेली. मिस्त्री म्हणजे जुना दोस्त, हात काळे आणि मन साफ. त्यांनी गाडीला कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणाला, सगळं ठणठणीत. मग तिघे फिरायला निघाले, मास्तर, मिस्त्री आणि मिस्त्रींचा टॉर्च. मिस्त्रींनी मागचं दार उघडलं तसे मास्तर ओरडले, "पुढे! पुढे बस!" मिस्त्री निमूट पुढे बसले. तीन फेऱ्या झाल्या. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

"काही नाही रे हिला," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या बाईंनाच धडधडत असेल."

हे वाक्य मास्तरांनी जरा सभ्य करून बाईंना सांगितलं. बाईंनी चष्मा काढला.

"तपासताना मागे कोण बसलं होतं?"

"कोणीच नाही. मागे कसं बसणार?"

"मास्तर, आमच्याकडे काटा तपासतात तेव्हा त्यावर वजन ठेवतात. रिकामा काटा कुणाचाही बरोबर असतो." आणि त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या. उद्या सकाळी कारखान्याच्या आवारात, माल उतरवायच्या चढावर. मी चालवते, तुम्ही मागे बसा. मिस्त्रींना पण बोलवा."

मास्तरांनी खूप विनवण्या केल्या. मागे पोती ठेवू, म्हणाले. बाई म्हणाल्या, पोती बोलत नाहीत. मागे मिस्त्रींना बसवू, म्हणाले. हे बोलताना त्यांचा जीव कसनुसा झाला. बाई म्हणाल्या, आवाज नाही असं आधी मिस्त्री नाही, तुम्ही म्हणालात.

गुरुवारी सकाळी मास्तर पायातले बूट काढून मागे बसले. मिस्त्री चढाच्या वरच्या टोकाला उभे राहिले. बाईंनी सीट पुढे घेतली, आरसा वाकवला, वीस वर्षांनी स्टेअरिंगला हात लावला.

मास्तरांनी पाय पसरले. पाय कुठेच अडले नाहीत. 'अरे वा,' त्यांना वाटलं. मग गाडी चढावर हलली आणि तळव्यांखाली धडधड, धडधड, धडधड! कुणी खालून दार ठोठावतंय असं वाटावं इतकी स्पष्ट. वेग आला तशी ती विरून गेली. चौदा वर्षांच्या ज्ञानाचा असा पायाखालून कचरा झाला.

ते तोंड उघडणार एवढ्यात त्यांना दुसरा एक आवाज आला. तो पुढून येत होता. अगदी बारीक, ओठ न हलवता केलेला, आणि कानाशी येऊन बोलावं इतका स्वच्छ.

"बघा, निघाल्या दहा ग्रॅम फिरायला," बाई समोरच्या काचेला सांगत होत्या. "गाडी सरळ धरा म्हणावं. भाऊसाहेब बसले की एका बाजूला कलते, तशी कलवू नका."

दहा ग्रॅम! आणि भाऊसाहेबांचं कलणं! ही दोन्ही वाक्यं त्यांची होती, शब्दन् शब्द त्यांची. आणि मग ज्या गोष्टी ते पार्किंगमध्ये सगळ्यांना शिकवत आले त्या त्यांनाच पहिल्यांदा कळल्या. काचा दुहेरी, गालिच्याखाली नमदा, इंजिनाच्या पायांत तेल. बाहेरचं काही आत येत नाही. म्हणजे आत जे बोललं जातं तेवढंच ऐकू येतं, मग गाडी केवढीही लांब असो. चौदा वर्षं! बेसूर गाणी, पर्समध्ये फोन शोधण्यात जाणारा अर्धा तास, एका वाढदिवसाला बाईंनी घेतलेला तो तोफेच्या गोळ्यासारखा दिसणारा हिरवा ड्रेस. त्यावर तर ते तीन सिग्नल बोलत होते.

"ऐकू आलं?" बाईंनी गाडी थांबवून मोठ्याने विचारलं.

"आलं," मास्तर म्हणाले. ते कशाबद्दल बोलत होते, ते त्यांनी सांगितलं नाही.

मिस्त्रींनी गाडी वर उचलली आणि पाच मिनिटांत टाळी वाजवली. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा दांडा या गाडीत फारच लांब, म्हणून तो दोन तुकड्यांत केलेला. मध्ये जिथे तुकडे जोडलेत तिथे त्याला धरून ठेवायला एक बेअरिंग, आणि बेअरिंगभोवती रबर. ते रबर फाटलं होतं. मागे वजन बसलं की गाडीची मागची बाजू दबायची, दांड्याचा कोन बदलायचा, आणि निघताना जोर आला की तो बेअरिंगसकट थरथरायचा. बरोबर मागे बसणाऱ्याच्या पायांखाली.

"कॉम्प्युटरला का नाही दिसलं?" मास्तरांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"रबराला कोण सेन्सर लावतं? त्याला माणूसच बसवावा लागतो. आणि तू मला बसू दिलं नाहीस."

शुक्रवारी नवं बेअरिंग बसलं. घरी बायकोला मास्तरांनी सगळं सांगितलं, अगदी हिरव्या ड्रेससकट. ती हसून हसून भिंतीला टेकली. मग डोळे पुसत म्हणाली, "आता तोंडाला कुलूप लावा म्हणजे झालं."

शनिवारी सकाळी बाई बसल्या. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं आणि त्याला काय सांगायचं ते या फेरीवर ठरणार होतं. गाडी चढावरून निघाली. धडधड नाही. चौकातून निघाली. धडधड नाही. मास्तर मानेत लोखंड घातल्यासारखे ताठ बसले होते. एक टेम्पो सिग्नल न देता आडवा आला. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. एकाने रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून फोन लावला. मास्तरांनी गिळलं. मागे बाई गुणगुणायला लागल्या, नेहमीसारख्याच, एकही सूर जागेवर नसलेल्या. मास्तरांचे कान लाल झाले, पण ते काही बोलले नाहीत.

"मास्तर, बाजूला घ्या गाडी."

त्यांनी घेतली.

"अजून बिघाड आहे."

"पायाखाली?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, पुढे. पुढचा आवाज बंद पडलाय."

मास्तरांनी आरशात बघितलं नाही. "बाई, माझं चुकलं. मला वाटलं होतं की मागे..."

"चौदा वर्षं मला माहीत आहे तुम्हाला काय वाटत होतं. कारखान्यात मी काहीही म्हटलं तरी सगळे 'हो बाई' म्हणतात. घरी बोलायला कुणी नाही. दिवसभरात खरं काय ते मला या गाडीतच ऐकायला मिळतं, आणि खरं सांगते, मी त्याची वाट बघत असते. तो हिरवा ड्रेस मी पुन्हा कधी घातला का? शांतच बसायचं असेल तर मला ही गाडी कशाला हवी? छोटी घेईन आणि शांत बसेन."

त्यांनी पर्समधून फोन काढला. या वेळी तो लगेच सापडला. "गिऱ्हाईकाचा नंबर लावते. काय सांगू?"

मास्तर समोर बघत राहिले. डोळे भरून आले होते, म्हणून काच धुरकट दिसत होती. त्यांनी गिअर टाकला, आरसा पाहिला, गाडी हळूच रस्त्यावर घेतली. मागे फोनची रिंग वाजत होती आणि बाई पुन्हा गुणगुणत होत्या. मग त्यांनी ओठ न हलवता, समोरच्या काचेला सांगितलं, "दहा ग्रॅमना सांगा कुणीतरी, गाणं आणि फोन एका वेळी जमत नाही."

"हॅलो?" मागून बाई म्हणाल्या. "नाही, गाडी विकायची नाहीये."