वीस मिनिटं पुढचं घड्याळ

प्रांताच्या विधानसभेत त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे त्यांना कडीवाले म्हणायचे. सभागृहाच्या मोठ्या दाराला हातभर लांबीची पितळी कडी होती आणि एकोणतीस वर्षं ती त्यांच्याच हातात होती. मतदान असलं की आधी पाच मिनिटं घंटा वाजायची. कँटीन, वाचनालय, आवार, जिथं कुठं सभासद असतील तिथं ती ऐकू जायची. घंटा थांबली की कडीवाले दार लावायचे. आत असेल तो मत देणार, बाहेर राहिला तो राहिला. एकोणतीस वर्षांत लावलेलं दार मतमोजणी होईपर्यंत त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं. एका मंत्र्याचा हात अडकता अडकता वाचला होता, एकाचं उपरणं खरंच अडकलं होतं, पण दार काही उघडलं नाही. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि ही कीर्ती जशीच्या तशी घेऊन घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि नेमकी याच वर्षी त्यांची धाकटी बहीण निवडून आली!

धाकटी ढोरांची डॉक्टर. अपक्ष उभी राहिली आणि अकरा मतांनी आली. तिच्या भागातले लोक म्हणायचे, "बाई उशिरा येते, पण येते." उशीर हा तिचा जन्मजात गुण होता. शाळेला उशीर, परीक्षेला उशीर, स्वतःच्या लग्नालाही ती एका म्हशीचं बाळंतपण उरकून पोहोचली होती. तिच्यापायी कडीवाल्यांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आणि तिचं मनगटी घड्याळ, दोन्ही गेली पंचवीस वर्षं वीस मिनिटं पुढं ठेवलेली असायची. अर्थात हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. ती घड्याळ बघायची, मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करायची आणि निवांत बसायची. मग कसला आलाय उपयोग!

यावेळी गोष्ट साधी नव्हती. सभासद एक्याऐंशी. मिशीवाल्या पुढाऱ्याचे चाळीस, वकीलबाईंचे चाळीस आणि मधोमध ही एकटी. शपथा झाल्या होत्या, सगळ्यात वयस्कर सभासदाला तात्पुरतं अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं होतं आणि आता पहिलं काम होतं खरा अध्यक्ष निवडण्याचं. ज्याचा अध्यक्ष त्याचं बहुमत, ज्याचं बहुमत त्याचं सरकार. दोन्हीकडचे लोक धाकटीला लोणी लावून थकले. ती एकच उत्तर द्यायची, "सभागृहात बसून ठरवीन."

"आधी सभागृहात पोच तर खरी," कडीवाले आदल्या संध्याकाळी तिला म्हणाले. अधिवेशनापुरती ती त्यांच्याकडेच उतरली होती. "हे बघ, अकराला घंटा सुरू होणार आणि अकरा पाचला मी दार लावणार."

"आणि मी दोन पावलांवर असले तर?"

"तरी लावणार."

"अरे वा! सख्ख्या बहिणीच्या तोंडावर?"

वहिनी हसल्या, धाकटी हसली. कडीवाल्यांना हसू आलं नाही. दार लावलं तर बहिणीची जन्माची नाचक्की, नाही लावलं तर आपल्या एकोणतीस वर्षांवर पाणी. जेवण झाल्यावर ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांना वाटलं, आता ही आमदार झाली, हिला अजून खोट्या घड्याळावर कशाला चालवायची? ते उठले आणि भिंतीवरचं आणि तिनं काढून ठेवलेलं मनगटी, अशी दोन्ही घड्याळं त्यांनी खऱ्या वेळेवर लावली. धाकटी तेव्हा फोनवर कुणाच्या तरी गाभण शेळीला औषध सांगत होती. फोन संपला की सांगू, असं म्हणून ते आडवे झाले आणि तिथंच डोळा लागला. सकाळी सात वाजता, कडीला तेल घालायचं म्हणून, ते घाईनं निघूनही गेले. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

इकडे घरी साडेदहा वाजले. धाकटी पर्स घेऊन उठली, तर वहिनी म्हणाल्या, "बस गं, घड्याळ पुढं आहे. चहा घेऊन जा."

अकरा वाजता घंटा सुरू झाली. सभासद लगबगीनं आत येऊ लागले. कडीवाले प्रत्येकाचा चेहरा बघत होते. एकोणचाळीस, पन्नास, बहात्तर... धाकटी नाही. चार मिनिटं झाली. ऐंशी जण आत बसले आणि एक खुर्ची रिकामी राहिली. कडीवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली, की ही घंटा बिघडावी आणि वाजतच राहावी.

धाकटी त्यावेळी आवारात होती. पहारेकऱ्याच्या कुत्र्याचा कान दुखत होता आणि ती तो उलगडून बघत होती. तिच्या हिशोबानं अजून पावणेअकराच होत होते. ही कसली घंटा म्हणून तिनं पहारेकऱ्याला विचारलं आणि त्यानं सांगितल्यावर ती जी पळत सुटली, ती चपला हातात घेऊनच.

लांब व्हरांड्याच्या टोकाला ती दिसली. "दादा! आले, आले!"

घंटा थांबली.

धाकटी वीस पावलांवर होती, मग दहा. कडीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेची फाटकं बंद होताना हिला पाठीवर घेऊन ते असेच पळाले होते. त्यांनी आतून दार ओढलं आणि कडी घातली. हात इतका थरथरत होता, की तेल घातलेली कडीसुद्धा दुसऱ्या प्रयत्नाला बसली.

दाराला डोळ्यांच्या उंचीवर काचेची छोटी चौकट होती. पलीकडे धाकटी धापा टाकत उभी होती.

"दादा, अकराला अजून पंधरा मिनिटं आहेत ना रे?" तिनं मनगट काचेला लावलं. "वीस वजा करून बघ!"

कडीवाल्यांच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. "अगं, मी ते काल नीट लावलं."

"नीट लावलंस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"राहिलं."

धाकटी दाराबाहेरच्या त्यांच्याच स्टुलावर मटकन बसली आणि कपाळाला हात लावून हसायला लागली. कडीवाल्यांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक आपली आणि शिक्षा तिला, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

आत मतं मोजली गेली. चाळीस आणि चाळीस.

वयस्कर हंगामी अध्यक्षांनी चष्मा वर-खाली करत नियमांचं पुस्तक चाळलं आणि जाहीर केलं, "समान मतं. अर्धा तास सुट्टी. मग पुन्हा घंटा, पुन्हा मतदान."

कडीवाल्यांनी आनंदानं दार उघडलं.

पहिला बाहेर आला तो मिशीवाला पुढारी. तो थेट धाकटीपाशी गेला आणि कडीवाल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "ताई, काय हा अपमान! दोन पावलांसाठी? प्रत्यक्ष भाऊ? माझा अध्यक्ष होऊ द्या, असल्या मुर्दाड माणसाला संध्याकाळच्या आत घरी बसवतो. माझा शब्द!"

कडीवाल्यांनी मान खाली घातली. धाकटीनं पायात चपला घातल्या.

मागून वकीलबाई आल्या. त्यांनी कडी एकदा निरखून बघितली. "दार सगळ्यांसाठी एकाच वेळी लागलं ना?"

"हो, बाई."

"मग झालं तर," म्हणून त्या चहाला गेल्या.

धाकटी चहाला गेली नाही. ती सरळ आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसली, अर्धा तास आधी! हे कळल्यावर वहिनींनी फोनवर तीनदा विचारलं, की नक्की आपलीच धाकटी ना?

मिशीवाला पुढारी बाहेर पायऱ्यांवर वार्ताहरांपुढे उभा राहिला. "अपक्ष ताई दुखावल्यात, त्या माझ्याकडेच येणार," हे त्याला चार वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना सांगायचं होतं. घंटा वाजली. तिसऱ्या कॅमेऱ्याला तो म्हणाला, "वाजू द्या हो, माझ्याशिवाय काय मतदान होतंय!" चौथ्याला सांगून तो वळला तेव्हा घंटा थांबायला आली होती.

तो धावत आला. दार लागलं. कडी पहिल्याच प्रयत्नाला बसली.

"ए! उघड!" त्यानं दोन्ही मुठींनी दार ठोकलं. "मी कोण आहे माहीत आहे ना?"

कडीवाले काचेशी आले. त्यांचा आवाज मुळातच मोठा, त्यात सभागृह मतदानासाठी अगदी गप्प झालेलं.

"माहीत आहे, साहेब. पण अर्ध्या तासापूर्वी सख्ख्या बहिणीला उघडलं नाही. तुम्हाला कसं उघडू?"

बाहेरच्या मुठी थांबल्या. बाहेरचं स्टूल करकरलं.

मतं मोजली. वकीलबाईंच्या उमेदवाराला एक्केचाळीस, मिशीवाल्याच्या उमेदवाराला एकोणचाळीस. मिशीवाला आत असता तरी हरलाच असता, कारण धाकटीनं ठरवायचं ते त्या व्हरांड्यातच ठरवलं होतं. नवे अध्यक्ष खुर्चीत बसले. रीतीप्रमाणे अभिनंदनाची भाषणं व्हायची होती. त्याआधीच धाकटी उठून उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, बाई आता तक्रार करणार.

"अध्यक्षमहाराज," ती म्हणाली, "आज पहिल्याच मतदानाला मला या सभागृहाचं दार बंद मिळालं. बंद करणाऱ्याचे हात कापत होते, हे मी काचेतून बघितलं. तरी त्यानं बंद केलं. अभिनंदन करायचंच असेल तर आधी त्याचं करा."

आणि ती बाक वाजवायला लागली. एकटीच. मग वकीलबाईंनी वाजवलं, मग त्यांच्यामागच्यांनी, मग पलीकडच्या बाजूनंही. बघता बघता सगळी बाकं दणाणली. कडीवाले दाराशी, सभागृहाकडे पाठ करून उभे होते. त्यांना काही केल्या वळता येईना, कारण डोळे भरून आले होते आणि नोकरीवर रडायची त्यांना सवय नव्हती.

शेवटी त्यांनी कडी काढली. धाकटी बाहेर आली आणि तिनं मनगट पुढं केलं.

"दादा, हे पुन्हा वीस मिनिटं पुढं कर."

"का गं? आता तर वेळेवर आलीस."

"खऱ्या वेळेत माझा हिशोब चुकतो रे," ती म्हणाली. "आणि या खेपेला केलंस, की मला सांग मात्र."