सुरीचा कचरा

होफ्राट ही मानाची सरकारी पदवी मिरवणारे ओटोकार विझिंगर म्हणजे ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या त्या इस्पितळातलं खवट खोड. जन्मभर पॅथॉलॉजी शिकवली आणि जन्मभर नाकाने कांदे सोलले. आज स्वारी स्वतःच ऑपरेशनच्या टेबलावर होती, आणि त्यांच्या फुफ्फुसाचा काढलेला तुकडा तळमजल्यावर डॉक्टर रोस्विता केर्नच्या हातात आला होता. त्यांची विद्यार्थिनी असल्यापासून तिला म्हाताऱ्याचा तिटकारा होता, आणि तो तिने कधी लपवलाही नव्हता.

तिने तुकडा गोठवून काप काढला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गाठ कडेपासून चांगली लांब होती. पण गाठीच्या पलीकडे, हवेच्या बारीक पोकळ्यांत, कर्करोगाच्या सुट्या पेशींचे पुंजके होते. थेट कापलेल्या कडेपर्यंत!

तिने वर ऑपरेशनच्या खोलीत फोन लावला. "गेर्नोट, कड साफ नाही. फुफ्फुसाचा तो अख्खा कप्पा काढ."

"गाठ आहे कडेला?" सर्जन गेर्नोट पिखलर खेकसला.

"गाठ नाही. सुट्या पेशी. हवेच्या वाटेने पुढे गेल्यात."

"अगं बाई, तो सुरीचा कचरा! गाठ कापताना पातं पेशी ओढून पुढे फासतं. विझिंगरसाहेबांनीच शिकवलंय ना आपल्याला? कप्पा काढला तर म्हातारा जिना चढताना धापा टाकेल. जुना राग काढतेयस काय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मनात पाल चुकचुकलीच. राग तर होताच की! तिने नवं पातं लावलं, तुकडा फिरवला, आणि निरोगी बाजूने कापत गाठीच्या अलीकडेच हात थांबवला. आता पात्याला ओढून आणायला काही नव्हतंच. पाहिलं, तर पुंजके तिथेच.

"नवं पातं लावलं, गाठीला शिवलेही नाही. पेशी आहेत म्हणजे आहेत. तुला कप्पा न काढता टाके घालायचेच असतील तर तुझ्या जबाबदारीवर घाल."

गेर्नोटने चार शिव्या हासडल्या आणि कप्पा काढला.

त्या कप्प्याचे काप तयार व्हायला काही दिवस लागले. तेवढ्यात इस्पितळभर झालं, केर्नबाईने सूड उगवला. कॅन्टीनमध्ये कोणी तिच्या टेबलाशी बसेना. कप्पा निरोगी निघाला असता, तर तिला तिथे तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पहिल्याच काचपट्टीत, कप्प्याच्या पार आत, पुंजके सापडले. "अस्सं!" ती ओरडलीच, आणि तशीच जिन्याकडे धावली. अर्ध्या जिन्यात तिच्या लक्षात आलं की एका माणसाच्या छातीत रोग पसरलाय आणि आपल्याला हसू आवरत नाहीये. लाज वाटली. हसू मात्र जाईना.

म्हातारा उशांना टेकून, नाकात नळ्या घालून धापा टाकत होता. "काय, घेतलास ना माझा कप्पा? निघालं का काही?"

"निघालं. पार आतपर्यंत. सुरीचा कचरा नव्हता तो, साहेब."

त्यांनी तिचा चेहरा नीट न्याहाळला. "खूश झालीस?"

"हो," ती म्हणाली. "झाले."

"बरं झालं. आता कप्पा जिथे कापला त्या नव्या कडेचं सांग. तिच्यात आहेत का पेशी?"

रोस्विताचं तोंड उतरलं. त्या कडेची काचपट्टी खाली टेबलावर तशीच पडली होती. ती तिने पाहिलीच नव्हती.