बॉसची पानं

अर्धांगाचा झटका आला आणि तिच्या तोंडात एकच शब्द उरला. "चालेल." भूक लागली तरी चालेल, पाय दुखला तरी चालेल, आणि रागाने उशी भिरकावली तरी वर चालेलच. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय. बोलायला गेल्या की तेवढा एकच शब्द हाती लागतो, इतकंच." हे ऐकून हायसं वाटावं की रडू यावं, तिच्या नवऱ्याला कळेना. इतक्या वर्षांच्या संसारात बोलायचं खातं तिच्याकडे आणि ऐकायचं त्याच्याकडे होतं. तो फ्रिज दुरुस्त करायचा. यंत्र बोलत नाही, पण आवाज करतं, आणि आवाजावरून त्याला बिघाड कळायचा. इथे आवाज होता तोही एकच.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस वाळवायचं यंत्र. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिथे तिच्या दोन मैत्रिणी जमायच्या, समोरच्या दुकानातली शिवणवाली आणि दवाखान्यातली नर्स. तिघी पोकर खेळायच्या. पैसे नाहीत, काळी क्लिप म्हणजे एक, केसांचा रोलर म्हणजे दहा. या दोघी तिला बॉस म्हणायच्या, कारण हातात काही नसताना रोलरची रास पुढे सरकवून समोरचीला पळवून लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तो मागच्या खोलीतून ओरडायचा, "अड्डा संपला की चहाचं बघा कुणीतरी!" आणि तिघी खिदळायच्या.

तिला इस्पितळातून घरी आणल्यावर दीड-दोन महिन्यांनी त्या दोघी पत्त्यांचा जोड घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"भावजी, तिला माणसांत बसवायला सांगितलंय ना?" नर्स म्हणाली. "मग खेळू या. तिचा उजवा हात चालत नाही, तर तुम्ही तिचा हात व्हा."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"शिकाल. हिला आम्ही शिकवलं, तुमचं काय घेऊन बसलात!"

बायको चाकांच्या खुर्चीत बसून पत्त्यांकडे टक लावून बघत होती. तिचा डावा हात मांडीवर चुळबुळत होता. तो स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला.

शिवणवालीने शिकवायला घेतलं. "प्रत्येकाला दोन पानं. ती झाकून ठेवायची, आपली आपणच बघायची. मग मध्ये पाच पानं उघडी पडतात, ती सगळ्यांची. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. तुमची दोन आणि मधली पाच, या सातांतून चांगल्यात चांगली पाच जुळवायची."

"म्हणजे रमीसारखं?"

"रमी विसरा, भावजी. जोडी म्हणजे एकसारखी दोन. त्याच्यावर दोन जोड्या. त्याच्यावर एकसारखी तीन. मग सलग पाच, मग एकाच रंगाची पाच…"

"थांबा, थांबा. सलग मोठं की रंग?"

"रंग. एक जोडी आणि एकसारखी तीन एकत्र आली, तर ती रंगाच्याही वर."

त्याने मान हलवली, पण डोक्यात गुंता झाला होता. त्यात पानं बघायच्या आधीच दर डावाला तिघांपैकी दोघांनी पाळीपाळीने क्लिपा मध्ये टाकायच्या. "न बघताच?" "खेळायला बसल्याचं भाडं समजा," नर्स म्हणाली. नंतर दर वेळी मधली पानं उघडली की तीनच रस्ते. समोरचीने लावलं तेवढं लावायचं, वाढवायचं, नाहीतर पानं टाकून मोकळं व्हायचं.

पानं वाटली. त्याने दोन पानं उचलली आणि बायकोच्या डोळ्यांसमोर धरली. बदामची सत्ती, इस्पिकची दुर्री.

"सत्ती-दुर्रीहून वाईट पानं या खेळात नसतात" असं शिवणवालीने शिकवतानाच सांगितलं होतं. तो तिच्या कानाशी पुटपुटला, "टाकू का?"

"चालेल."

"की लावू?"

"चालेल."

"अगं, टाकायची की लावायची?"

"चालेल, चालेल," ती म्हणाली आणि डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं. त्या धरण्याचा अर्थ 'थांब' होता की 'पुढे हो', हे त्याने तिच्या चेहऱ्यावर शोधलं. अर्धा चेहरा सैल होता, अर्धा ताणलेला. दोघी मैत्रिणी आपापल्या पानांत डोळे घालून बसल्या होत्या. त्याने नियमाला धरून पानं टाकली. तिने त्याचं मनगट सोडलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

रात्रभर त्याला ते डाचत राहिलं. कदाचित तिला त्या सत्ती-दुर्रीवरच डाव मारायचा असेल. कदाचित नुसतीच तहान लागली असेल.

पुढच्या सुट्टीला त्याने ठरवलं, आज तिचा हात जाईल तिकडे आपण जायचं. नियम गेले खड्ड्यात. तिसऱ्या-चौथ्या डावात तिला चौकटची नव्वी आणि किलवरची तिर्री आली. मध्ये दोन राजे उघडले, बाकी किरकोळ पानं. तिचं काहीच जुळलं नव्हतं. शेवटचं पान पडताच तिने डावा हात पुढे घातला आणि समोरच्या सगळ्या क्लिपा आणि रोलर मध्ये लोटले.

"सगळं?" नर्सने विचारलं.

"चालेल," ती म्हणाली. या वेळी तो शब्द अगदी जागेवर बसला. त्याची छाती फुगली.

नर्सने पानं टाकली. शिवणवालीने आपली पानं पाहिली, बॉसकडे पाहिलं, परत पानं पाहिली. "नको बाई. बॉसच्या नादी कोण लागतंय!" असं म्हणून तिनेही टाकली.

टाकताना एक पान उलटलं. इस्पिकचा राजा.

मधले दोन आणि हा तिसरा. त्याच्यासारख्या नवख्यालाही हिशेब कळला. एकसारखी तीन जुळलेली असताना शिवणवालीने मुद्दाम डाव सोडला होता. तिने झटकन ते पान झाकलं, पण खुर्चीतल्या बाईचे डोळे तिथेच खिळले होते. मग तिच्या हाताने एक फटका मारला आणि क्लिपा, रोलर, पत्ते सगळे फरशीवर उधळले. "चालेल! चालेल! चालेल!" ती किंचाळत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तो गुडघ्यांवर बसून खुर्च्यांखालून क्लिपा गोळा करत राहिला. नर्स तिची पाठ चोळत होती. दारापाशी त्याने शिवणवालीला गाठलं.

"खरं खेळा हो तिच्याशी. हरली तर हरू दे."

"मला नाही जमत, भावजी," ती पदराने नाक पुसत म्हणाली. "तिच्या पुढ्यातलं कसं ओढून घेऊ?"

तरी त्या पुन्हा आल्या, आणि खरं खेळल्या. बॉसच्या क्लिपा भराभर संपल्या. हरताना ती शांत होती; बरं वाटत होतं की मन उडालं होतं, त्याला ओळखता आलं नाही. गोळ्यांची गुंगी होती. थोड्या वेळाने तिची मान कलली. त्याने तिच्या डोक्यामागे टॉवेलची घडी सरकवली.

"तोवर तुम्हीच खेळा," शिवणवालीने आपल्यातल्या मूठभर क्लिपा त्याच्यापुढे ठेवल्या.

तो खेळला. पहिल्या डावात पानं टाकली, दुसऱ्यात जोडीवर हरला. मग एकदा हातात नुसता कचरा असताना काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने होत्या नव्हत्या तेवढ्या क्लिपा पुढे ढकलल्या. नर्सने त्याला न्याहाळलं आणि पानं टाकली. शिवणवालीनेही टाकली. त्याने आपली पानं उलटून दाखवली तेव्हा दोघी ओरडल्याच. तोही हसला, खूप दिवसांनी, पोट धरून.

हसत हसतच तो तिला सांगायला वळला. ती जागी होती. केव्हापासून, कोण जाणे. पत्त्यांकडे नाही, ती त्याच्याकडे बघत होती. त्याचं हसू ओठांवरच विरलं. "अगं, मी आपला तुझ्यासारखा…" तो म्हणाला आणि वाक्य पुरं कसं करायचं ते त्याला सुचेना. तिच्याकडून नेहमीचा तो शब्दही आला नाही.

"वाटू का?" नर्सने हळूच विचारलं.

त्याने स्टूल पुन्हा तिच्या खुर्चीला चिकटवलं, आपल्यापुढच्या क्लिपा तिच्यापुढे सारल्या आणि होकाराची मान हलवली.