भिंतीवरून उतरलेला पटर

मी एक जुना पटर आहे. कडेला तेवीस खाचा, पोटाला चिकटवलेली लाल फीत आणि पाठीवर अकरा सह्यांपैकी उरलेली दीड सही, एवढी माझी ओळख. हे ऐकून कोणाला माझी दया येत असेल, तर त्याने ती आपल्यापाशीच ठेवावी. मला दया नको आहे. मित्रांनो, माझ्याबद्दल आजवर दुसरेच बोलत आले, आज मी बोलणार आहे.

पटर म्हणजे काय ते आधी सांगतो. डिस्क गोल्फमध्ये झाडांमधून चकती फेकत फेकत जायचं आणि शेवटी ती एका लोखंडी टोपलीत पाडायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात. चकती त्यांच्यावर आदळते आणि खाली पडते. जो कमी फेकींत पोहोचेल तो जिंकला. लांब फेकायच्या चकत्या पातळ धारेच्या आणि मिजासखोर असतात. शेवटच्या दहा-बारा पावलांवरून टोपलीत टाकायची ती जाड कडेची, सावकाश उडणारी चकती म्हणजे पटर. त्या मिजासखोर चकत्या शंभर मीटर उडून येतात आणि मग गप्प पिशवीत बसतात. काम आम्हालाच संपवावं लागतं.

फिनलंडमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यात गरम प्लास्टिक ओततात आणि त्यातून आम्ही बाहेर पडतो. त्याच साच्यातून त्याच आठवड्यात माझे दुसरे भाऊही निघाले, पण त्यांचं प्लास्टिक वेगळं, महागातलं. ते आरपार दिसायचे, चमकायचे, दगडावर आपटले तरी ओरखडा उठायचा नाही. मी साध्या प्लास्टिकचा. थोडा मऊ, थोडा खरखरीत, नव्या रबरी बुटांसारखा वास येणारा. दुकानात त्यांना खिडकीपाशी मांडलं होतं आणि आम्हाला खालच्या खोक्यात. लोक मला उचलायचे, अंगठ्याने दाबायचे आणि म्हणायचे, "साधं आहे. दोन हिवाळ्यांत चिरेल." तोंडावर म्हणायचे. मी ते विसरलेलो नाही.

मग एका एप्रिलमध्ये हिल्का दुकानात आली. हिल्का तारवाइनेन. तिने एकतीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासायचं यंत्र चालवलं होतं. त्या यंत्राच्या थरथरीने तिच्या बोटांची जाण गेली होती. थंडी पडली की तिची बोटं पांढरी पडत आणि मग कोटाची बटणं लावायलाही तिला आरशासमोर उभं राहावं लागे, कारण बटण हातात आलं की नाही हे बोटांना कळत नसे. नोकरी संपली होती. घरी बसून वेड लागेल म्हणून ती खेळायला निघाली होती.

दुकानदाराने तिच्या हातात माझा चमकता भाऊ ठेवला. हिल्काने डोळे मिटून तो दाबला.

"हा हातात आहे का खाली पडला, मला समजतच नाहीये," ती म्हणाली.

"अहो, हा सगळ्यात टिकाऊ आहे. तुमच्या नातवंडांना पुरेल."

"नातवंडांना त्यांचं त्यांना घेऊ दे. तो खालचा द्या बघू."

दुकानदाराने नाक मुरडलं आणि मला काढून दिलं. तिने पुन्हा डोळे मिटले. तिचा अंगठा माझ्या कडेवरून सावकाश फिरला.

"हा कळतो," ती म्हणाली.

बस्स, दोन शब्द. माझी इतकी स्तुती त्याआधी कोणी केली नव्हती.

तिच्या शेजारी रेइनो राहतो. तो निवृत्त सुतार, दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलतो आणि त्यातली अठरा टोमणे असतात. त्याने हिल्काच्या अंगणात जुन्या वॉशिंग मशीनच्या पिंपाची टोपली उभी केली आणि कुत्र्याच्या साखळ्या लोंबवल्या. रोज सकाळी कॉफीच्या आधी शंभर फेकी, असा हिल्काचा नेम. पहिल्या उन्हाळ्यात मी हट्टी होतो. वेग कमी झाला की डावीकडे कलायचोच. नवा पटर असाच असतो. मग झाडं, दगड, साखळ्या यांनी मला घासून घासून सरळ केलं. लोक म्हणाले, "झिजला बिचारा." झिजलो कसला! मी तिचा हात शिकत होतो. ती जिकडे बोट दाखवून सोडेल तिकडे मी सरळ जाऊ लागलो. महागड्या भावांना हे वळण यायला दहा वर्षं लागतात, कारण ते झिजतच नाहीत.

आणखी एक गोष्ट. मी साखळ्यांवर आदळतो तेव्हा मऊ असल्यामुळे त्यांच्यात रुततो आणि खाली पडतो. कडक चकती आदळून उसळते, कधी बाहेर फेकली जाते. जमिनीवर पडलो तर मी जागच्या जागी बसतो, ते चमकते भाऊ घसरत तळ्यापर्यंत जातात. वारा असेल, लांब जायचं असेल, तर ते माझ्यापेक्षा बरे, हे मी मान्य करतो. मी भांडखोर आहे, खोटारडा नाही.

आता माझ्या मानाची आणि माझ्या दुर्दशेची गोष्ट सांगतो. दोन्ही एकाच दिवशी घडल्या.

तिसऱ्या उन्हाळ्यातला जुलै. शाळेमागच्या टेकडीवर आमच्या गावच्या अठरा टोपल्या आहेत आणि दर गुरुवारी तिथे सामना असतो. सातवी टोपली साठ मीटरवर, बर्च झाडांच्या खाली उतारावर आहे. एवढ्याशा अंतराला हिल्काने मलाच फेकलं. मी झाडांमधून गेलो, जरासा उजवीकडे झुकलो, आणि साखळ्या वाजल्या.

सगळ्यांनी माना लांब करून टोपलीकडे पाहिलं. आमच्याकडे आनंद असा आधी तपासून घेतात.

"पडली वाटतं," रेइनो म्हणाला.

"कुठे पडली?" हिल्काने विचारलं.

"आत. जाऊन बघ की. माझा गुडघा दुखतोय."

पहिल्याच फेकीत टोपली! लोक जन्मभर खेळतात आणि तरी हे त्यांच्या वाट्याला येत नाही. आमच्याकडची रीत अशी की जो हे करेल त्याने सगळ्यांना केक आणि कॉफी द्यायची, बघणाऱ्यांनी त्या चकतीवर सह्या करायच्या, आणि ती चकती क्लबच्या लाकडी खोलीत भिंतीवर टांगायची. ती पुन्हा कधीही फेकायची नाही. अकरा जणांनी माझ्या पाठीवर काळ्या पेनने सह्या केल्या. रेइनोने ड्रिल आणलं.

"भोक पाडलंस तर तुझ्या डोक्यातही पाडीन," हिल्का म्हणाली.

मग त्याने दोन खिळे ठोकून मला त्यांच्यावर बसवलं. कॉफीच्या यंत्राशेजारी, वाळत घातलेल्या हातमोज्यांच्या वर. आठवडाभर लोक येऊन बघत होते. त्यानंतर कोणी मान वर करून बघेना. मित्रांनो, मला मखरात बसवून माझं आयुष्य काढून घेतलं होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की हा माझा सन्मान आहे. मी रागाने नुसता धुमसत होतो.

माझी जागा रिकामी झाली म्हणून हिल्काच्या मुलीने, मेर्वीने, शहरातून येताना नवा पटर आणला. माझाच चमकता भाऊ. कॉफी घेता घेता तिने तो माझ्यासमोरच आईच्या हातात ठेवला.

"आई, तोच साचा आहे, फक्त प्लास्टिक भारी. हा कधी खराबच होणार नाही."

"छान आहे गं," हिल्का म्हणाली. मुलीने प्रेमाने आणलं होतं, ती आणखी काय बोलणार?

खोलीच्या खिडकीतून शेवटची, अठरावी टोपली दिसते. ऑगस्टपासून दर गुरुवारी मी तिथे हिल्काला बघत होतो. कोरड्या दिवशी ठीक चालायचं. पण सप्टेंबरात पाऊस लागला, बोटं पांढरी पडू लागली आणि तो गुळगुळीत भाऊ तिच्या हातातून लवकर सुटू लागला. पाच पावलांवरून चुकली. तीन पावलांवरूनही चुकली. एकदा तो साखळीवरून उसळून तळ्याकडे घरंगळत गेला आणि ती तशीच उभी राहिली, आणायलाही गेली नाही. प्लास्टिकवर तिला संशय आला नाही, कारण साचा तोच, वजन तेच, वरचं नावही तेच. तिने दोष आपल्या हातांना दिला. आणि मी दोन खिळ्यांवर बसून हे सगळं बघत होतो. ओरडता आलं असतं तर छप्पर उडवलं असतं.

आमच्या क्लबात प्रत्येकाकडे नंबराचा लाकडी बिल्ला असतो आणि गुरुवारच्या खेळाप्रमाणे त्यांची अदलाबदल होते; जिंकणाऱ्याला सगळ्यात लहान आकडा. उन्हाळ्यात हिल्काकडे चार नंबर होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी, पाऊस रिपरिपत असताना, ती एकोणीस नंबर घेऊन खोलीत आली आणि तिने तो टेबलावर ठेवला.

"हा ठेवून घ्या. पुढच्या वर्षी मी नाही."

रेइनोने कप खाली ठेवला.

"का गं? एकोणीस आकडा आवडला नाही?"

"हात गेले रे माझे. काही कळतच नाही बोटांना. लोकांचा वेळ कशाला खाऊ?"

"मग करणार काय? बागकाम?"

"त्यालाही बोटं लागतात."

रेइनोने टोमणा न मारता बिल्ला हळूच तिच्याकडे परत सरकवला. मी त्याला पहिल्यांदाच असं बघितलं.

हिल्का भिंतीकडे आली. "ह्याला घरी नेते, आठवण म्हणून," असं म्हणत तिने मला खाली काढलं आणि बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. पुसता पुसता तिचा अंगठा माझ्या कडेवरून गेला आणि सगळ्यात मोठ्या खाचेपाशी थांबला. ती खाच दुसऱ्या टोपलीजवळच्या दगडाने पाडलेली. अंगठा पुढे गेला, परत मागे आला. तिने डोळे मिटले.

मग ती कोट न घालताच बाहेर गेली.

सगळे कॉफीचे कप घेऊन तिच्या मागोमाग पावसात. अठराव्या टोपलीपासून आठ पावलांवर ती उभी राहिली आणि तिने मला फेकलं. मी टोपलीच्या अलीकडेच डावीकडे पडलो. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस आतल्या आत धुमसलो आणि वेळ आली तेव्हा चिखलात!

"भिंतीवर बसून आळशी झालाय," रेइनो म्हणाला.

हिल्काने मला उचललं, मांडीला पुसलं आणि पुन्हा फेकलं. साखळ्या. पुन्हा साखळ्या. चौथ्यांदा, पाचव्यांदा साखळ्या. मग तिने पिशवीतून चमकता भाऊ काढला आणि फेकला. तो बोटांतून निसटून टोपलीच्या डोक्यावरून गेला. नंतर पुन्हा मी, आणि पुन्हा साखळ्या.

"हात नाही गेले रे," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर उघड रडली. "अजून कळतंय मला."

ती डोळे पुसत आत आली आणि एकोणीस नंबरचा बिल्ला उचलून खिशात टाकला. मग मला पिशवीत ठेवू लागली, तेव्हा रेइनो एकदम जागा झाला.

"अगं, त्याच्यावर सह्या आहेत! पहिल्या फेकीतली चकती आहे ती. ती कोणी फेकत नाही. आजवर कोणीच फेकलेली नाही."

"मग आता फेकली ना मी."

"माझी सही पुसली जाईल!"

"पुसली की पुन्हा कर. पेन आहे ना तुझ्याकडे?"

रेइनोने मान हलवली. मग भिंतीवरचे दोन खिळे उपटून खिशात टाकले आणि म्हणाला, "भिंतीला उगाच भोकं पडली."

मेर्वीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, आधीच बोलायचंस ना!" हिल्का म्हणाली, "तू आणला होतास ना गं, म्हणून." चमकत्या भावाला आता आरंभीच्या फेकीला पाठवतात. तिथे त्याला घट्ट धरून जोरात सोडायचा असतो, आणि तो वाऱ्यात छान जातो. शेवटच्या पावलांवर मी असतो. आम्ही पिशवीत एकमेकांशी बोलत नाही, पण काम चोख करतो.

आता पाचवा हिवाळा चालू आहे. बर्फात हरवू नये म्हणून हिल्काने माझ्या पोटाला लाल फीत चिकटवली आहे. सह्या जवळजवळ गेल्या. रेइनोची पूर्ण उरली आहे, कारण तो ती दर महिन्याला गुपचूप पुन्हा गिरवतो.

दोन हिवाळ्यांत चिरेन म्हणणाऱ्यांनो, मोजा! आणि तरी मी एक दिवस चिरेन, ते मलाही ठाऊक आहे. कडाक्याच्या थंडीत साखळीवर आदळताना कडेपासून मध्यापर्यंत तडकेन. मला त्याचं काही वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू असेल जी तुमच्या हाताला कळते, तर ती जपा. पण जपणं म्हणजे खिळ्यावर टांगणं नाही. तिला वापरा, पुसा, घासू द्या, पडू द्या, आणि पडली तर वाकून उचला. आम्हाला एवढंच पुरतं.

आज सकाळी तापमान उणे चौदा होतं. हिल्काने मला कोटाच्या आतल्या खिशातून काढलं, तिथे तिच्या अंगाच्या उबेने मी मऊ राहतो. हातमोजा दातांनी ओढला. बोटं पांढरीफेक होती. तिने डोळे मिटून अंगठा मोठ्या खाचेवर ठेवला.

"आहेस ना?" तिने विचारलं. "हं, कळलं."

आणि मला फेकलं.