दहा मिनिटांची सोय

दूरच्या गोदामातला नेटवर्कचा स्विच ती ऑफिसात बसूनच सेट करत होती. डेटा कुठल्या मार्गाने पाठवायचा याची माहिती तो शेजारच्या स्विचकडून घेत असे. आजपासून पासवर्ड जुळला तरच घ्यायची, एवढंच त्याला सांगायचं होतं. पासवर्डात एक अक्षर चुकलं तर गोदामाशी संपर्कच तुटणार, म्हणून तिने आधी सोय करून ठेवली: दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होईल आणि जुनी सेटिंग परत येईल. तोवर फक्त सेव्ह करायचं नाही, नाहीतर नवी सेटिंगच कायम होईल.

साहेब मात्र मानगुटीवर बसलेले. "सेव्ह केलंस का? मागच्या वेळी विसरली होतीस." पाचव्यांदा विचारलं तेव्हा तिचं डोकं सणकलं. "घ्या, केलं," म्हणत तिने एंटरवर बोट आपटलं.

पाऊण मिनिटात संपर्क तुटला; पासवर्डात एक अक्षर चुकलंच होतं. दहा मिनिटांनी स्विच अगदी इमानदारीत पुन्हा सुरू झाला, आणि तीच चूक घेऊन उठला.

"मग आता?" साहेबांनी विचारलं.

"आता तिथे जायचं. तीन तास गाडी तुम्ही चालवायची," ती दातओठ खात म्हणाली, "आणि वाटेत एक शब्द काढायचा नाही."

साहेब निमूट उठले. दारात मात्र त्यांना राहवलं नाही. "स्विचला जोडायची केबल घेतलीस का?"

तिने रागारागाने बॅग उघडली. केबल नव्हती.