पाचवा पेरू

सफरीवर निघाल्यापासून ताईच्या मनात एकच दिवस घोळत होता. जहाज एका बंदराला सकाळी लागून संध्याकाळी सुटणार होतं, आणि तिथून तासाभराच्या अंतरावर तिचा धाकटा भाऊ राहत होता. संत्र्याची बाग होती त्याची. कित्येक वर्षांत भेट नव्हती. भावाकडे हात हलवत कसं जायचं, म्हणून आदल्या बंदराच्या बाजारात तिने पेरू घेतले, आतून गुलाबी निघतात तसले. लहानपणी असल्याच पेरूंपायी दोघांनी शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

जहाज धक्क्याला लागलं तसं स्पीकरवरून पुन्हा सांगितलं गेलं, "खाण्याची कुठलीही वस्तू बरोबर घेऊन उतरू नये."

"ऐकलंस?" तिच्या नवऱ्याने विचारलं. भाऊ त्याला दाजी म्हणायचा. दाजींचा स्वभाव जरा भित्राच होता. "ते पेरू कचऱ्यात टाक बरं."

"एवढ्याशा फळांनी यांचा देश बुडतोय का?" ताईने पेरू शालीत गुंडाळले आणि पिशवीत औषधांच्या खाली दडपले.

उतरणाऱ्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पुढे एक अधिकारी बाई आणि तिच्याबरोबर वास घेणारा कुत्रा. ताईच्या पुढचे आजोबा सफरचंदासाठी हुज्जत घालत होते.

"अहो, तुमच्याच जहाजावर न्याहारीला दिलंय हे!"

"मग जहाजावरच खा, आजोबा. ते कुठल्या बंदरात भरलं, कुठल्या बागेतलं, तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. आत काय बसलंय ते तर देवालाच ठाऊक."

सफरचंद डब्यात पडलं. कुत्रा मागे कुणाच्या तरी बॅगेशी अडकला होता.

"खायचं काही आहे का?" बाईने विचारलं.

"औषधं आहेत फक्त." ताई पिशवी छातीशी धरत म्हणाली.

"या."

धक्क्याबाहेर भाऊ गाडी घेऊन उभा होता. केस पांढरे झाले होते, हसू तेच होतं. ताई पुढे बसली, दाजी मागे. वाटेत दाजींना भुकेने घेरी यायला लागली. ताईने हळूच एक पेरू मागे सरकवला आणि खूण केली, त्याला कळू देऊ नका. गंमत करायची होती तिला.

घरी पोचल्यावर भावजयीने पाणी आणलं. ताईने शाल उलगडून पेरू टेबलावर मांडले. "ओळख बघू!"

भावाचा हात अर्ध्यावरच थांबला. हसू मावळलं. त्याने एक पेरू उचलून उजेडात फिरवला. सालीवर सुईने टोचल्यासारखा ठिपका होता. त्याने सुरी घेतली आणि फळ मधोमध चिरलं. गुलाबी गरात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"खिडक्या लाव," तो बायकोला म्हणाला. मग ताईकडे वळला. "किती होते?"

"पाच."

टेबलावर चार होते. सगळ्यांच्या नजरा दाजींवर गेल्या.

"मी... अर्धा खाल्ला," दाजी चाचरत म्हणाले. "तोंडाला काहीतरी मऊ लागलं. मेहुण्याच्या गाडीत कशाला तमाशा, म्हणून खिडकीतून फेकला. तुमच्या फाटकाजवळच."

चिरलेल्यासकट चारही पेरू डब्यात कोंबून भाऊ धावत सुटला. ताई त्याच्या मागे. कुंपणाच्या बुडाशी, पालापाचोळ्यात, दोघं गुडघ्यांवर बसून चाचपत होती. मुंग्यांच्या रांगेवरून तो अर्धा पेरू सापडला. गराला बारीक भोकं पडली होती. अळी एकही नव्हती.

"मातीत उतरल्या," भाऊ म्हणाला. "तिथे कोष करतात. मग माशी होते आणि ती फळात अंडी घालते. आमच्याकडे ही माशी नाही, ताई. एकदा आली तर या टेकडीवरच्या सगळ्या बागा गेल्या."

"मग ही माती खणू या, जाळून टाकू," मागून आलेले दाजी म्हणाले. "कुणाला कळतंय? उगाच बभ्रा कशाला?"

भावाने कुंपणाला टेकवलेल्या फावड्याकडे पाहिलं. 'नाही' तो म्हणाला नाही, हे ताईच्या लक्षात आलं.

"शेजारच्या बागा आपल्या नाहीत," भावजय दारातून म्हणाली.

"कळवलं तर आपली बाग बंद होईल. ऐन तोडणीत." भावाचा आवाज फाटला. "फळ बाहेर काढू देणार नाहीत."

ताईने मातीचे हात पदराला पुसले. "बंदरावर फोन लाव. बोलते मी. खोटंही मीच बोललेय."

धक्क्यावरची तीच बाई आली, बरोबर दोन माणसं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, ताईने सांगितलं. फाटकाजवळची माती खोदून पोत्यांत भरली गेली, झाडाझाडाला पिवळे सापळे टांगले गेले.

"आता काय होईल?" ताईने विचारलं.

"माशी झाली तर सापळ्यात येईल. तोवर इथलं आणि शेजारचं एकही फळ हलणार नाही."

"आणि आली तर?"

"तर ही सगळी फळं उतरवून पुरायची." तिने समोरच्या लगडलेल्या झाडांकडे पाहिलं. "कदाचित झाडंही."

वाढलेलं जेवण तसंच राहिलं. संध्याकाळी भावाने दोघांना बंदरावर सोडलं. तो रागाचा एक शब्दही बोलला नाही, आणि ताईला तेच सोसवेना.

पुढची सफर तिने केबिनमध्ये काढली. घरी परतल्यावरही रोज फोन. "आज?" "काही नाही." मग एकदा भाऊ म्हणाला, "एक माशी सापडलीय. तपासायला नेलीय." ताई फोनपासून हलेना. दाजी तिच्यासमोर बसून नुसते हात चोळायचे. उत्तर आलं तेव्हा कळलं, ती तिथलीच साधी माशी होती. पुढे सापळे रिकामेच राहिले आणि बंदी उठली. पण तोवर भावाची पिकलेली संत्री झाडाखाली सडली होती, शेजाऱ्याचीही. शेजारी भावाशी बोलेनासा झाला होता.

ताईने भावाकडून शेजाऱ्याचा नंबर घेतला. "मी तुमच्या शेजाऱ्याची बहीण," ती म्हणाली. "पेरू मी आणले होते. त्याचा काही दोष नाही."



"तुम्ही कळवलं नसतं," तो माणूस म्हणाला, "तर आम्हाला पुढच्या वर्षी कळलं असतं. झाडं तोडताना."

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. फोन ठेवला.